लायब्ररी भरलेली, टेपा रिकाम्या: फोंड्यातल्या एका संस्थेचं बॅकअप प्रकरण

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका सांस्कृतिक संस्थेचा बॅकअप चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीत बंद पडला. टेप लायब्ररीला, म्हणजे चुंबकीय टेपांवर आपोआप बॅकअप लिहिणाऱ्या यंत्राला, लिहायला टेप मिळेना. सुट्टी संपून ऑपरेटर कामावर आली तेव्हा मेलबॉक्समध्ये एकाच मजकुराच्या सूचनांची रांग होती: अमुक टेप बसवा किंवा नवी द्या. पुरवठादाराने यावर दुप्पट स्लॉटची, म्हणजे टेपा ठेवायच्या दुप्पट खाचांची, नवी लायब्ररी सुचवली आणि दरपत्रकही पाठवलं. सचिवांनी सही करण्याआधी मला बोलावलं. संस्थेच्या संमतीने हे लिहितो आहे, नाव मात्र देत नाही.

सुरुवातीलाच सांगतो, नवी लायब्ररी घेऊन हा प्रश्न सुटला नसता. वर्षभर पुढे ढकलला गेला असता, आणि त्या बदल्यात जुन्या टेपा वाचायची सोय हातातून गेली असती.

संस्थेकडे काय आहे

नाट्यसंगीत, भजन आणि कीर्तनाच्या जुन्या स्पूल आणि कॅसेट. जत्रांमधून होणाऱ्या मराठी नाटकांच्या हस्तलिखित संहिता. बंद पडलेल्या मराठी नियतकालिकांचे अंक. केरीच्या केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या तबकडीतून अंतराळात गेला, पण त्याच परिसरातल्या कितीतरी भजनी बुवांचा आवाज एखाद्या कॅसेटपलीकडे कुठेही नाही. ती कॅसेट दरवर्षी थोडी थोडी खराब होते आहे. म्हणून इथल्या बॅकअपकडे कार्यालयीन काम म्हणून बघणं मला जमत नाही.

ध्वनिमुद्रण ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन चॅनेल असं उतरवलं जातं. तासाला साधारण २ जीबी होतात. ए४ आकाराचं पान ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केलं तर न दाबलेली, म्हणजे कॉम्प्रेस न केलेली, टिफ फाइल २६ एमबीची होते. असं करत सर्व्हरवर ९ टीबी जमले आहेत. नव्या कामाची रोज सुमारे २५ जीबीची भर पडते.

टेपच का, हा प्रश्न कार्यकारी मंडळात दरवर्षी निघतो. उत्तर सरळ आहे. कपाटात ठेवलेल्या टेपला वायर जोडलेली नसते, त्यामुळे सर्व्हरमध्ये शिरलेलं रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, तिच्यापर्यंत पोहोचत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये एका सॉफ्टवेअर दोषामुळे जीमेलच्या काही वापरकर्त्यांचे मेल नाहीसे झाले, तेव्हा गूगलने ते टेपवरूनच परत आणले होते. आणि वीज गेली की गोव्यात काय होतं ते मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात सगळ्यांनी पाहिलंच आहे; कपाटातल्या टेपला वीज लागत नाही.

यंत्रणा साधी आहे. २४ स्लॉटची लायब्ररी, दोन्ही बाजूंना टेपा ठेवायचं एकेक मॅगझिन, मध्ये टेपा ने-आण करणारा पिकर आणि टेप लिहिणारा-वाचणारा एकच एलटीओ-६ ड्राइव्ह. एलटीओ हा टेपचा प्रमाणित प्रकार, ६ ही त्याची पिढी. एक स्लॉट टेप आत-बाहेर करण्यासाठी मेल स्लॉट म्हणून राखलेला, एकात क्लीनिंग टेप. कामाचे उरले २२. एलटीओ-६ टेपची खरी क्षमता २.५ टीबी. खोक्यावर ६.२५ टीबी छापलेलं असतं, पण तो आकडा माहिती अडीच पटीने दाबली जाईल असं धरून काढलेला आहे. ध्वनिमुद्रणं आणि स्कॅन तेवढी दाबली जात नाहीत. या संस्थेने हिशेब २.५ चाच धरायला हवा. सॉफ्टवेअर बाक्युला, मुक्त स्रोतातलं, नीट चालणारं.

चवथीच्या आदल्या रात्री

मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर महिन्यांच्या पहिल्या शुक्रवारी रात्री पूर्ण बॅकअप सुरू व्हायचा. सप्टेंबरचा नेमका चवथीच्या तोंडावर आला. गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान घेऊन सगळे आपापल्या मूळ घरी गेले होते, कार्यालयाला कुलूप होतं.

स्कॅनच्या कामाची पाळी आली तेव्हा बाक्युलाने कॅटलॉग, म्हणजे कोणती टेप कुठे आहे आणि तिच्यावर काय आहे याची स्वतःची नोंदवही, पाहिला. स्कॅनच्या तिमाही पूलमध्ये, म्हणजे त्या कामासाठी राखलेल्या टेपांच्या गटात, जूनची एक टेप अर्धी रिकामी, लिहिण्यास खुली, स्लॉट ७ मध्ये. पिकर स्लॉट ७ कडे गेला. स्लॉट रिकामा. ती टेप जूनमध्येच बाकीच्या टेपांबरोबर बाहेरगावी ठेवायला मडगावला गेली होती, पण नेताना मॅगझिन हाताने उघडून काढली होती आणि कॅटलॉगला ते कोणी कळवलं नव्हतं. स्क्रॅच पूलमध्ये, म्हणजे कोणत्याही कामाला देता येईल अशा मोकळ्या टेपांमध्ये, एकही टेप शिल्लक नव्हती. काम माणसाची वाट बघत थांबलं. ड्राइव्ह एकच असल्यामुळे त्याच्यामागची सगळी कामं थांबली, रोजचा बॅकअपसुद्धा.

पुरवठादाराचं निदान होतं की स्लॉट कमी पडताहेत. वरवर ते पटण्यासारखं होतं, कारण कॅटलॉगनुसार २२ पैकी २२ स्लॉट व्यापलेले होते.

आधी यादी

अशा वेळी मी सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी मॅगझिन बाहेर काढून प्रत्येक टेप डोळ्यांनी बघतो. डिचोलीहून रोज येणाऱ्या ऑपरेटरने बारकोड वाचले, मी लिहून घेतले. एलटीओच्या बारकोडात आधी सहा अक्षरं किंवा अंक आणि शेवटी पिढी सांगणारी दोन चिन्हं असतात, इथे एल६. ती यादी कॅटलॉगशेजारी ठेवल्यावर चित्र बदललं.

प्रत्यक्षात टेपा १९ होत्या. तीन स्लॉट रिकामे होते आणि त्यांच्या टेपा मडगावला. १९ पैकी ७ पूर्ण भरलेल्या आणि मुदतीत असलेल्या. एक ‘एरर’ अवस्थेत. उरलेल्या ११ लिहिण्यास खुल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक टेपांचा दहावा भागसुद्धा भरलेला नव्हता.

म्हणजे टेपांअभावी अडलेल्या लायब्ररीत ११ टेपांवर लिहायला जागा होती. मग स्कॅनच्या कामाला त्यातली एक का मिळाली नाही? कारण त्या दुसऱ्या पूलच्या होत्या. यंत्रणा बसवणाऱ्याने चार विभाग मानले होते: ध्वनी, स्कॅन, हिशेब, कार्यालय. प्रत्येकाचे तीन पूल: रोजचा, साप्ताहिक, तिमाही. असे १२ पूल. एका पूलची टेप दुसऱ्याला चालत नाही, पूलचा उपयोगच त्यासाठी असतो. म्हणून प्रत्येक पूलने निदान एक टेप अडवून धरली होती, मग तिच्यात लिहायला काही असो वा नसो. हिशेब विभागाचा रोजचा बॅकअप २०० एमबीच्या आसपास असतो. त्या गतीने २.५ टीबीची टेप भरायला ३४ वर्षं लागतात.

एरर टेपचं थोडक्यात सांगतो, कारण ती टाकून द्यायच्या डब्यात जाणार होती. सर्व्हर यूपीएसवर होता, लायब्ररी मात्र भिंतीतल्या साध्या सॉकेटवर. जुलैत लिहिणं चालू असताना वीज गेली. टेपवरच्या फाइलींची संख्या आणि कॅटलॉगमधली संख्या जुळेना, म्हणून बाक्युलाने त्या टेपवर पुढे लिहिणं नाकारलं आणि तिला एरर ठरवलं. टेप खराब झाली असा याचा अर्थ नाही. हिशेब जुळत नाही एवढाच आहे. वीज जाण्याआधीचं त्यावरचं सगळं वाचता आलं. लायब्ररी आता यूपीएसवर आहे.

मुदत कधी सुरू होते

ऑपरेटरला या सगळ्याची कुणकुण आधीच लागली होती. टेपा परत वापरात येत नाहीत हे तिने पाहिलं होतं आणि रिटेन्शन, म्हणजे टेपवरचं लिखाण जपायची मुदत, ३६५ दिवसांवरून ९० वर आणली होती. काहीच फरक पडला नाही. “सर, मी बदललं होतं, पण ते लागूच झालं नाही,” ती म्हणाली. तिचा विचार बरोबर होता. मध्ये दोन गोष्टी आडव्या आल्या होत्या, आणि या प्रकरणाचा गाभा त्या दोन गोष्टींतच आहे.

पहिली बाब. बाक्युलामध्ये टेपला लेबल दिलं जातं त्या क्षणी पूलचे नियम त्या टेपच्या कॅटलॉगमधल्या नोंदीत उतरतात. नंतर कॉन्फिगरेशन फाइलमध्ये बदल केला तर तो पुढच्या नव्या टेपांना लागतो, जुन्यांना नाही. जुन्यांच्या नोंदी वेगळा आदेश देऊन अद्ययावत कराव्या लागतात. तिने फाइल बदलली, सेवा पुन्हा सुरू केली, आणि १९ टेपा आपल्या जुन्याच ३६५ दिवसांवर राहिल्या.

दुसरी बाब जास्त खोल आहे. टेपची मुदत शेवटच्या लिखाणापासून मोजली जाते, आणि टेप खुली असेपर्यंत ती पुनर्वापराला घेतलीच जात नाही. आधी ती ‘भरलेली’ किंवा ‘वापरलेली’ अशा अवस्थेत जावी लागते, सोप्या शब्दांत, मिटावी लागते. मुदत ठेवीची पावती झाल्याशिवाय तिची तारीख सुरू होत नाही, तसंच हे. हिशेबाची ती टेप रोज २०० एमबी घेत खुली राहिली, प्रत्येक लिखाणाने तिची मुदत पुढे सरकत राहिली, आणि तिच्यावरचा दोन वर्षांपूर्वीचा, कोणालाही नको असलेला बॅकअप तसाच जागा अडवून बसला. रिटेन्शन ३६५ ठेवा, ९० ठेवा किंवा ७ ठेवा, जी टेप मिटतच नाही तिला त्याने काही होत नाही.

इथे कोणीही विचारेल की टेपवरचा तेवढाच जुना भाग का पुसत नाही. टेपची घडणच तशी नाही. एलटीओ-६ च्या डबीत ८४६ मीटर लांब आणि अर्धा इंच रुंद फीत असते. तिच्यावर २,१७६ ट्रॅक असतात आणि ड्राइव्ह या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग उलट, असं करत लिहितो. नवं लिखाण नेहमी आधीच्या शेवटाला जोडलं जातं. मध्येच लिहिलं तर तिथून पुढचं सगळं गेलं. म्हणून टेप मोकळी होते ती पूर्ण होते, नाहीतर होतच नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, दिलासा देणारी. मुदत संपली म्हणून बाक्युला टेप लगेच पुसत नाही. नवी टेप लागेल आणि दुसरी मिळणार नाही, तेव्हाच तो मुदत संपलेल्यांकडे वळतो. मुदत कमी करायला लोक घाबरतात, पण मुदत म्हणजे किमान एवढे दिवस नक्की राहील अशी हमी असते. प्रत्यक्षात माहिती बहुतेक वेळा त्याहून जास्त टिकते.

पूल विभागाचे नकोत

१२ पूल मोडून तीन केले: रोजचा, मासिक आणि कायम. हा बदल करताना सगळ्यात जास्त चर्चा झाली. विभागवार पूल दिसायला नीटनेटके असतात. हिशेबाची टेप हिशेबनिसाची, ध्वनीची टेप स्टुडिओची. पण टेपला विभाग कळत नाही. तिच्यासाठी दोनच प्रश्न महत्त्वाचे: हिच्यावरचं किती दिवस ठेवायचं, आणि ही कुठे राहणार. या दोन्हींची उत्तरं ज्यांची सारखी, ते सगळं एका टेपवर जाऊ द्यावं. कोणती फाइल कोणत्या टेपवर आहे ते कॅटलॉग सांगतो, त्यासाठी टेपा वेगळ्या करायची गरज नाही.

रोजच्या पूलला नियम लावला: पहिलं लिखाण झाल्यापासून ७ दिवसांनी टेप मिटवायची, कितीही रिकामी असली तरी. मुदत २८ दिवस. एक टेप पुन्हा हाती यायला ७ आणि २८ मिळून ३५ दिवस लागतात, म्हणजे ५ टेपांचं चक्र. एक जादा धरून ६. आधीचा साप्ताहिक बॅकअपही याच चक्रात घातला.

सचिवांना हे रुचलं नाही. “आठवड्याला पावणेदोनशे जीबी. अडीच टीबीच्या टेपवर तेवढंच लिहून ती मिटवायची? राहिलेल्या जागेचे पैसे आपण मोजलेत.”

“भाई, पैसे टेपेचे मोजले, आणि टेप परत येणार आहे,” मी म्हटलं. “आधी अकरा टेपा खुल्या होत्या, त्यातली एकही परत आली नाही.”

त्यांनी कागदावर स्वतः आकडे मांडून पाहिले. पूर्ण भरायची असं धरलं तर रोज २५ जीबीने एक टेप १०० दिवस चालते. मग तिची मुदत सुरू होणार. तोवर त्या एका टेपला काही झालं, तर १०० दिवसांचं काम एका फितीवर. आठवड्याला मिटवली तर सगळ्यात वाईट परिस्थितीत एका आठवड्याचं. काटकसर म्हणून भरत ठेवलेली टेप जोखीमही वाढवते आणि अडकूनही पडते, हे त्यांना त्या कागदावर दिसलं. त्यांनी मग वाद घातला नाही, फक्त कागद फाइलला लावून घेतला.

कायम पूलने सगळ्यात मोठा फरक पडला. ९ टीबीपैकी साडेसात टीबी म्हणजे पूर्ण झालेली मास्टर ध्वनिमुद्रणं आणि स्कॅन. ती बदलत नाहीत. तरी दर तीन महिन्यांनी ती सगळी नव्याने चार टेपांवर लिहिली जात होती. न बदलणाऱ्या गोष्टीचा बॅकअप पुन्हा पुन्हा घेण्यात अर्थ नाही. ते संग्रहाचं काम आहे, त्याची रीत वेगळी: दोन प्रती एकदाच लिहायच्या, वाचून ताडून पाहायच्या, लेखन-संरक्षणाची कळ सरकवायची आणि दोन गावांत ठेवायच्या. या टेपा आम्ही एलटीएफएसमध्ये, म्हणजे फाइलींची यादी टेपवरच ठेवणाऱ्या पद्धतीत, लिहिल्या. एलटीओ-५ पासून ही सोय आहे. तिच्यामुळे टेपवरच्या फाइली बाक्युलाशिवाय, कॅटलॉगशिवायही यादीत दिसतात आणि उघडता येतात. वीस वर्षांनी ही टेप हातात घेणाऱ्याला आजचं सॉफ्टवेअर शोधत बसावं लागू नये. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइल बदलली का ते ताडून पाहायचा आकडा, तोही टेपवर सोबत ठेवला आहे.

मास्टर बाहेर पडल्यावर उरलेला दीड टीबी एका टेपवर मावतो. त्यामुळे पूर्ण बॅकअप तिमाहीऐवजी दर महिन्याला घेणं परवडू लागलं. मासिक टेप लिहायला सुरुवात झाल्यापासून २ दिवसांत मिटते, मडगावला जाते आणि सहा महिन्यांनी परत येते.

मडगावचं कपाट

बाहेरगावच्या टेपा एका विश्वस्तांच्या जुन्या घरात, लोखंडी कपाटात होत्या. बाहेर ने, याची शिस्त पक्की होती. परत आण, असं कोणालाच सांगितलेलं नव्हतं. तीन वर्षांच्या ४८ टेपा तिथे होत्या, त्यातल्या दोन तृतीयांशांची मुदत कधीच संपली होती. इकडे लायब्ररी टेपांसाठी अडत होती आणि तिकडे मोकळ्या होऊ शकणाऱ्या टेपांनी कपाट भरलं होतं. दरम्यान नव्या टेपा विकत घेतल्या जात होत्या.

कपाट जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं होतं. एलटीओ टेपा दीर्घकाळ ठेवायच्या तर १६ ते २५ अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता सांगितलेली आहे. गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता बहुतेक वेळा ८० टक्क्यांच्या वर असते, आणि बंद कपाटात भिंतीची ओल वेगळी. वरच्या खणातल्या काही डब्यांवर बुरशीची पांढरी झाक आली होती. ऑपरेटरने ओळखीसाठी म्हणून टेपांवर चिकटवलेल्या हस्तलिखित कागदी पट्ट्यांची टोकं सुटली होती. अशीच एक सुटलेली पट्टी मागे पिकरमध्ये अडकून टेप मॅगझिनमधून निघेनाशी झाली होती. टेपवर बारकोडच्या ठरलेल्या जागेशिवाय कुठेही काही चिकटवू नये, आणि पावसाळी हवेत तर नाहीच. ज्या पट्ट्या होत्या त्या आम्ही काढल्या, गोंद उरलेल्या डब्या बाजूला ठेवल्या.

शेवटच्या दोन तिमाहींच्या ८ टेपा पूर्ण वाचून पाहिल्या. २.५ टीबीची टेप १६० एमबी प्रति सेकंद या पूर्ण वेगाने वाचली तरी सव्वाचार तासांहून अधिक वेळ लागतो, तेव्हा सगळ्या ४८ वाचत बसण्यात अर्थ नव्हता. एका टेपवर वाचताना दोष आले. तिच्यावरचं सगळं सर्व्हरवर होतं म्हणून नुकसान झालं नाही, पण त्या एका टेपने विश्वस्तांना जे पटवलं ते माझ्या बोलण्याने पटलं नसतं. टेपा आता मडगावातच, पण दिवसभर वातानुकूलन चालणाऱ्या एका खोलीत, हवाबंद पेट्यांमध्ये, सिलिका जेल आणि आर्द्रतामापकासह, उभ्या ठेवल्या जातात.

बुरशी दिसलेल्या टेपा बाद केल्या. मुदत संपलेल्या बाकीच्या टेपा तपासून स्क्रॅच पूलमध्ये घेतल्या. नव्या टेपांची मागणी रद्द झाली.

ने-आण आता अशी होते. टेप मेल स्लॉटमधूनच बाहेर काढायची, मॅगझिन उघडून नाही. काढल्यावर लगेच स्लॉटची नोंद बारकोडनुसार अद्ययावत करायचा आदेश द्यायचा. सॉफ्टवेअरमधून महिन्याची यादी छापायची, तिच्यात वरच्या भागात मडगावला जाणाऱ्या टेपा, खालच्या भागात परत आणायच्या टेपा. परत आलेली टेप २४ तास सर्व्हर खोलीत ठेवायची आणि मगच लायब्ररीत घालायची. पावसाळ्यात बाहेरच्या दमट हवेतून आलेली टेप लगेच ड्राइव्हमध्ये घालू नये, यावर मी अडून बसतो. घाईचं रिस्टोअर, म्हणजे टेपवरून माहिती परत आणायचं काम, असलं तरी.

बाकीच्या दुरुस्त्या लहान होत्या. स्कॅनच्या हजारो छोट्या फाइली नेटवर्कवरून येताना ड्राइव्हला पुरेशा वेगाने मिळत नव्हत्या. तो थांबायचा, फीत मागे घ्यायचा, पुन्हा सुरू व्हायचा, त्यात वेळही जातो आणि फीत आणि हेड दोन्ही झिजतात. आता आधी सर्व्हरच्या डिस्कवर साठवून मग एका दमात टेपवर लिहितात. क्लीनिंग टेप दर सोमवारी फिरवायची पद्धत बंद केली, ड्राइव्ह मागेल तेव्हाच ती घालायची.

कॅटलॉगचा बॅकअप मात्र लहान बाब नाही. तो घेतलाच जात नव्हता. कॅटलॉग गेला तर सगळ्या टेपा एकेक करून वाचून तो पुन्हा बांधावा लागतो. २२ भरलेल्या टेपांना एका ड्राइव्हवर, कुठेही न थांबता, जवळजवळ चार दिवस लागतील. आता रोज रात्री सगळ्यात शेवटचं काम म्हणून कॅटलॉग टेपवर जातो. तो कोणत्या टेपवर, कुठे आहे हे सांगणारी बूटस्ट्रॅप फाइल ऑपरेटर आणि सचिव दोघांच्या मेलवर जाते. महिन्यातून एकदा ऑपरेटर स्वतःच्या मनाने एखादी फाइल निवडते आणि टेपवरून परत आणून ऐकते किंवा उघडून बघते.

दरपत्रकाचं काय झालं

पुरवठादाराने सुचवलेली लायब्ररी एलटीओ-९ ची होती. २०२१ मध्ये आलेली पिढी, एका टेपवर १८ टीबी. यंत्र चांगलंच आहे. पण एलटीओ-९ चा ड्राइव्ह एलटीओ-९ आणि एलटीओ-८ एवढ्याच टेपा वाचतो. एलटीओ-७ पर्यंत ड्राइव्ह दोन पिढ्या मागच्या टेपा वाचत असे, एलटीओ-८ पासून ती सोय एका पिढीवर आली. संस्थेच्या एलटीओ-६ टेपा वाचू शकणारा सगळ्यात नवा ड्राइव्ह एलटीओ-७ चा आहे. जुनी लायब्ररी बदली देऊन नवी घ्यायची, असा प्रस्ताव होता. त्या दिवसापासून कपाटातली एकही टेप संस्थेत वाचता आली नसती.

तरी आहे तो ड्राइव्ह कायमचा टिकणार नाही, तेव्हा स्थलांतर कधीतरी करावंच लागेल. पूल मुदतीनुसार लावल्यामुळे ते काम आटोक्यात आलं आहे. रोजच्या टेपा ३५ दिवसांत, मासिक टेपा सहा महिन्यांत आपोआप मागे पडतात, त्यांची नक्कल करायची गरज नाही. नव्या पिढीवर न्यायचा आहे तो कायम पूल, साडेसात टीबी. तो एलटीओ-८ च्या १२ टीबीच्या एका टेपवर मावतो, दुसरी प्रत धरून दोन टेपा. जुना ड्राइव्ह पूर्ण वेगाने चालला तर वाचायला १३ तास लागतील.

मंडळाने मोठ्या लायब्ररीऐवजी एलटीओ-८ चा एक सुटा ड्राइव्ह घ्यायचं तत्त्वतः मान्य केलं आहे. मी एक अट लेखी घातली आहे: नव्या दोन्ही प्रती पूर्ण वाचून चेकसमशी जुळल्याशिवाय एलटीओ-६ चा ड्राइव्ह विकायचा नाही, बदली द्यायचा नाही, मोडीतही काढायचा नाही. काम पाऊस पूर्ण संपल्यावर, दिवाळीनंतर सुरू करायचं ठरलं आहे.